वसिष्ठाशेजारची अरुंधती



दर वेळी आपण या कार्यक्रमात हप्ता, व्याज आणि बँकेच्या कागदांबद्दल बोलतो. आज आम्ही एका चांदणीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ताई, बचत गटाचा आणि चांदणीचा काय संबंध? संबंध आहे. शेवटपर्यंत ऐका, म्हणजे कळेल.

गेल्या वैशाखातली गोष्ट. पडघ्याच्या पुढे एका गावात आमच्या गटातल्या ताईंच्या मुलीची हळद होती. भिवंडी शहरातल्या गटांमधल्या बायकाही आल्या होत्या. जेवणं उरकली आणि लाइट गेली. डीजे बंद पडला, पोरं हिरमुसली, आणि आम्ही सगळ्या गच्चीवर जाऊन बसलो. भिवंडीत राहणाऱ्यांना खरा अंधार आता ठाऊकच नाही. रस्त्याचे दिवे, कारखान्यांचे दिवे, हायवेलगतच्या गोदामांचे रात्रभर जळणारे दिवे. त्यात धूळ आणि धूर. तिथे मात्र आभाळ गच्च भरलेलं होतं.

कुणीतरी सप्तर्षी दाखवले. पद्मानगरातल्या आमच्या तेलुगू मैत्रिणीला आम्ही सगळ्या अक्का म्हणतो. ती म्हणाली, "ती बघा अरुंधती. माझ्या लग्नात भटजींनी भर दुपारी दाखवली होती. दिसली का विचारलं, मी मान हलवली. खरी आज बघतेय." सगळ्या हसल्या. शेजारी आपा बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हिला आमच्याकडे सुहा म्हणतात. लहानपणी अब्बा आम्हाला ओळीत उभं करून विचारायचे, कुणाला दिसते सांगा."

एक मावशी तेवढ्या गप्प होत्या. विचारलं, तर घाईने म्हणाल्या, "दिसली, दिसली." परत येताना टेम्पोत त्यांनी आमचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाही दिसली गं. माझी सासू सांगायची, ज्याला अरुंधती दिसत नाही, त्याचं वर्ष भरत आलं. कुणाला सांगू नकोस."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. बी.ए.ला आम्ही इतिहास घेतला होता. राजांचा इतिहास शिकलो, लढायांच्या सनावळ्या पाठ केल्या. पण एका चांदणीच्या भीतीने बाई गप्प बसते, त्या भीतीचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. तो आम्ही शोधला आणि तोच आज सांगतो आहोत.

आधी चांदणी ओळखू या. उत्तरेकडे तोंड करा. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. चार ताऱ्यांचा चौकोन आणि त्याला तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. कुणाला त्यात पतंग दिसतो, कुणाला पळी. शेपटीतला मधला तारा म्हणजे वसिष्ठ. त्याच्याकडे नीट पाहिलं, की अगदी बिलगून एक बारीक चांदणी दिसते. ती अरुंधती. दोघांमधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त आहे. म्हणजे डोळ्याला वेगळं करायला ते फार कमी नाही. पण वसिष्ठाच्या मानाने अरुंधती सुमारे सहापट मंद आहे, म्हणून ती चटकन दिसत नाही.

आपल्या पूर्वजांनी याचा एक सुंदर उपयोग केला. अरुंधती दाखवायची, तर आधी तिच्या जवळचा मोठा तारा दाखवायचा. तो सापडला की म्हणायचं, हा नव्हे, याच्या शेजारची बारीक. याला अरुंधती न्याय म्हणतात. आदि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हा दाखला दिला आहे. सोपं आधी, बारीक नंतर. आम्ही नव्या गटाला हिशोब शिकवतो, तेव्हा नेमकं हेच करतो. पहिल्या दिवशी चक्रवाढ व्याज सांगितलं, तर दुसऱ्या बैठकीला कोण येईल?

आता लग्नाकडे वळू. वधूला ध्रुव आणि अरुंधती दाखवायची रीत दोन हजारांहून अधिक वर्षं जुनी आहे. घरातली संस्कारकर्मं कशी करायची, हे सांगणारे ग्रंथ म्हणजे गृह्यसूत्रं. त्यातल्या आश्वलायन गृह्यसूत्रात या रीतीचा उल्लेख आहे, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे, जी आम्हाला कुठल्याही लग्नात कुणी सांगितली नव्हती. लग्नाच्या दिवशी वधूने मौन धरायचं. रात्री ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसले, की मगच तिने बोलायचं. आणि बोलायचं काय, तर नवरा जिवंत राहो आणि मला मुलंबाळं होवोत.

आम्ही हे बैठकीत सांगितलं, तेव्हा एकीने विचारलं, "आणि आभाळ भरलेलं असेल तर? तिने बोलायचंच नाही का?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आमच्या गटात पहिल्या दिवशी प्रत्येकीने उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं, असा नियम आहे. तुम्हाला खोटं वाटेल, पण लग्नानंतर पंधरा-पंधरा वर्षांत स्वतःचं नाव मोठ्याने न उच्चारलेल्या बायका आमच्याकडे आल्या आहेत. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच त्या सांगायच्या.

या रीतीबद्दल एक गंमत आणखी सांगतो. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. पण कार्तिक-मार्गशीर्षात संध्याकाळी अरुंधती आपल्या भागातून दिसतच नाही. तेव्हा वसिष्ठ आणि अरुंधती दोघेही क्षितिजाखाली असतात आणि मध्यरात्र उलटल्यावर उगवतात. म्हणजे त्या लग्नांत नवरीने रीतीप्रमाणे अरुंधती पाहायची, तर तिला पहाटेपर्यंत जागावं लागेल. वैशाखातल्या लग्नात मात्र ती रात्री डोक्यावर चढलेली असते. दुपारच्या मुहूर्तावर तर दाखवणारा बोट वर करतो, बघणारी मान हलवते आणि दोघांनाही ठाऊक असतं, की काहीच दिसलेलं नाही.

मावशींच्या सासूबाईंनी जे सांगितलं, तेही हवेतलं नव्हतं. सुश्रुत आणि चरक हे आपले जुने वैद्यकग्रंथ. मरण जवळ आल्याची लक्षणं त्यांत सांगितली आहेत आणि अरुंधती न दिसणं हे त्यातलं एक आहे. पण थोडा विचार करा. त्या काळी चष्मा नव्हता. मोतीबिंदूवर आजच्यासारखी साधी, खात्रीची शस्त्रक्रिया नव्हती. म्हातारपणी नजर जायची आणि म्हातारपणीच मरणही यायचं. दोन गोष्टी सोबत येताना दिसल्या, म्हणून एक दुसरीची खूण झाली. वैद्य बघत होते ते बरोबर होतं, जोडत होते ते चुकीचं होतं. आणि सुनेपर्यंत पोचता पोचता त्या निरीक्षणाचा शाप झाला.

आपांच्या अब्बांनी केलं, तेही तसंच जुनं आहे. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल-सूफी नावाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. लोक सुहा पाहून नजर तपासतात, अशी नोंद त्यात आहे. अरबीत म्हणही आहे, मी तिला सुहा दाखवतो आणि ती मला चंद्र दाखवते. म्हणजे आपण बारीक मुद्दा सांगावा आणि समोरच्याने भलतंच ढोबळ उत्तर द्यावं. अरबांच्या आभाळात सप्तर्षींचा चौकोन म्हणजे जनाजा आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे मागून चालणाऱ्या मुली. त्यांना बनात-उन-नाश म्हणतात. गालिबच्या एका प्रसिद्ध गझलेत या मुली आल्या आहेत. विदर्भातल्या गोंडांच्या गोष्टीत तोच चौकोन म्हातारीची बाज होतो आणि मागचे तिघे होतात ती पळवायला आलेले चोर. एकच आभाळ. कुणाला त्यात ऋषी दिसले, कुणाला मुली, कुणाला चोर.

वसिष्ठाचं जगभर चालणारं नाव आहे मिझार. अरबीत मिझार म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र. मूळ अरबी नाव वेगळं होतं, युरोपातल्या विद्वानांच्या वाचण्यातून हे नाव रूढ झालं, असं अभ्यासक सांगतात. ते काही असो, कापडावर जगणाऱ्या आपल्या गावाने हे लक्षात ठेवायला हरकत नाही. सप्तर्षींतला एक तारा लुंगीच्या नावाने ओळखला जातो.

आता पुराणातली अरुंधती. हा भाग ऐकताना आमच्या बैठकीत एकदम शांतता झाली होती.

महाभारताच्या वनपर्वात कार्तिकेयाच्या जन्माची कथा आहे. अग्नीचं मन सप्तर्षींच्या बायकांवर जडलं. स्वाहेचं मन अग्नीवर होतं. मग स्वाहेने एकेक करून सहा ऋषिपत्नींचं रूप घेतलं. सातवं रूप अरुंधतीचं, ते तिला घेता आलं नाही, कारण अरुंधतीचं तेज तसं होतं. कथा इथवर बऱ्याच जणींना ठाऊक असते. पुढचं कमी सांगितलं जातं. लोकांत कुजबुज झाली. सहा ऋषींनी आपल्या बायकांना टाकलं. स्वाहेने सांगितलं, की हे मी केलं, त्यांचा दोष नाही. विश्वामित्रांना खरं काय ते माहीत होतं, त्यांनीही सांगितलं. तरीही त्या ऋषींनी बायकांना परत घेतलं नाही. मग त्या सहाजणी कार्तिकेयाकडे गेल्या, आणि त्यांना आभाळात जागा मिळाली. त्या कृत्तिका. थंडीच्या रात्री दिसतो तो बारीक ताऱ्यांचा झुबका म्हणजे याच सहाजणी.

आमच्या गटात एक ताई आहे. शेजाऱ्यांच्या एका वाक्यावरून नवऱ्याने तिला माहेरी पाठवलं, त्याला आता नऊ वर्षं झाली. ती कधी फारसं बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "सगळं खरं कळल्यावरही घेतलं नाही? मग कळून काय उपयोग झाला?" आम्हाला उत्तर देता आलं नाही.

त्याच महाभारतात, आदिपर्वात, अरुंधती मंद का दिसते याचंही कारण दिलं आहे. वसिष्ठ निर्दोष असताना तिने त्यांच्यावर संशय घेतला, म्हणून तिचं तेज धुरकट झालं. दोन्ही कथा आता शेजारी ठेवा. बाईने नवऱ्यावर संशय घेतला, तर शिक्षा बाईला. नवऱ्यांनी बायकांवर संशय घेतला आणि तो खोटा ठरला, तरी शिक्षा बायकांनाच. आम्ही पुराणांची निंदा करत नाही. ज्यांनी या कथा सांभाळल्या, त्यांनी त्या सहाजणींचा निर्दोषपणा लपवला नाही, तोही लिहून ठेवला. वाचणाऱ्यांनी तो सोडून दिला, म्हणून आम्ही तो पुन्हा वाचून दाखवला.

याच कृत्तिकांवरून एका मराठी माणसाने मोठं काम केलं. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळामास्तर होते. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली मराठीत निघाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असं शतपथ ब्राह्मणात म्हटलं आहे. आज त्या बरोबर पूर्वेला उगवत नाहीत. मग कधी उगवत होत्या, याचं गणित दीक्षितांनी मांडलं आणि त्यावरून त्या वचनाचा काळ काढला. तो सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा आला. त्या काळाबद्दल आज विद्वानांत मतभेद आहेत. पण जुन्या ओळीवर नुसता विश्वास ठेवायचा नाही आणि तिची नुसती टिंगलही करायची नाही, हिशोब करून बघायचा, हा धडा त्यांनी मराठीत घालून दिला.

आता दुर्बिणीची गोष्ट. १६१७ च्या जानेवारीत इटलीत बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी आपले गुरू गॅलिलिओ यांना कळवलं, की वसिष्ठ एक तारा नसून दोन आहेत, तुम्हीही पाहा. गॅलिलिओने पाहिलं. नुसत्या डोळ्यांना जो एक वसिष्ठ दिसतो, तो दुर्बिणीतून जोडतारा निघाला. दुर्बिणीतून सापडलेल्या पहिल्या जोडताऱ्यांत त्याची गणना होते. पुढे १८५७ साली, आपल्याकडे उठाव पेटला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी वसिष्ठ आणि अरुंधतीचा फोटो घेतला. जोडताऱ्याचा तो पहिला फोटो.

आणि मग आली ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही हे सगळं पाठ केलं.

हार्वर्डच्या त्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग संचालक असताना बायकांची एक मोठी तुकडी काम करत होती. रात्री पुरुष दुर्बिणीतून काचेच्या तबकड्यांवर फोटो घ्यायचे. दिवसा या बायका भिंगातून त्या तबकड्या तपासायच्या, मोजायच्या, आकडे लिहायच्या. मजुरी तासाला २५ सेंट. त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग तर आधी पिकरिंग यांच्या घरी कामवाली होत्या. बारीक नजरेचं काम, कमी मजुरी आणि बायकांची भरती. भिवंडीतल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या तुकडीत अँटोनिया मोरी होत्या. १८६६ चा जन्म, १८८७ साली पदवी. वसिष्ठाच्या प्रकाशाचे फोटो त्या तपासत होत्या. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला, की रंगांचा पट्टा पडतो आणि त्यात काळ्या बारीक रेघा दिसतात. वसिष्ठाच्या दोन ताऱ्यांतला जो जास्त तेजस्वी, त्याची एक रेघ काही फोटोंत एकेरी दिसायची, काही फोटोंत दुहेरी. काही दिवसांनी पुन्हा एकेरी. असं का?

आम्ही हे बैठकीत फुगडीने समजावलं. दोघी फुगडी घालतात आणि तुम्ही अंधारात खूप लांब उभ्या आहात. तुम्हाला एकच ठिपका दिसेल. पण फिरताना एक तुमच्याकडे येते, तेव्हा दुसरी तुमच्यापासून लांब जाते. रेल्वे फाटकाशी उभं असताना येणाऱ्या गाडीचा भोंगा उंच ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की खाली उतरतो. प्रकाशाचंही तसंच. जवळ येणाऱ्या ताऱ्याची रेघ एका बाजूला सरकते, लांब जाणाऱ्याची दुसऱ्या बाजूला. म्हणून एका रेघेच्या दोन होतात. म्हणजे दुर्बिणीतही जो एक तारा दिसतो, तो खरं तर फुगडी घालणारे दोन तारे आहेत.

१८८९ साली पिकरिंग यांनी हा शोध जाहीर केला. अशा रीतीने ओळखलेला हा पहिला जोडतारा. मोरी यांनी फोटोंचा काळजीपूर्वक अभ्यास केल्याचा त्यात उल्लेख होता, पण शोध पिकरिंग यांच्या नावावर गेला. त्याच वर्षी मोरी यांनी अशाच प्रकारचा दुसरा जोडतारा शोधला. वसिष्ठातल्या या दोघांच्या फेरीचा काळ पहिल्या हिशोबात बराच मोठा आला होता. पुढे तो दुरुस्त झाला. साडेवीस दिवसांत एक फेरी पूर्ण होते.

मोरी पुढे गप्प बसल्या नाहीत. त्यांनी ताऱ्यांची वर्गवारी स्वतःच्या पद्धतीने केली. ती पद्धत पिकरिंग यांना किचकट वाटायची, दोघांचे खटके उडायचे. काम माझं आहे, तर नावही माझं हवं, असं मोरी यांनी लेखी कळवलं. १८९७ साली त्यांचं काम छापून आलं, तेव्हा त्यावर त्यांचं नाव होतं. त्यांच्या बारीक वर्गवारीचं मोल डेन्मार्कच्या हर्ट्झस्प्रुंग यांनी १९०५ साली ओळखलं. सारख्याच रंगाचे काही तारे प्रचंड मोठे असतात आणि काही लहान, हे त्यांना त्या वर्गवारीमुळे पटवून देता आलं. १९४३ साली मोरी यांना पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांचं वय ७७ होतं. १९५२ साली त्या गेल्या.

गोष्ट इथे संपली नाही. १९०८ साली वसिष्ठाचा दुसरा, कमी तेजाचा ताराही जोडतारा असल्याचं कळलं. म्हणजे एका वसिष्ठात चार तारे. आणि अरुंधती? ती एकटीच समजली जात होती. २००९ साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी मोठ्या दुर्बिणींतून तिच्याजवळ एक लहान, तांबूस तारा शोधला. आता हिशोब सहाचा झाला. जिला आपण मंद म्हणतो, ती अरुंधती आपल्या सूर्याच्या दहापटीहून जास्त तेजस्वी आहे. ती मंद नाही, लांब आहे. हे सगळे तारे आपल्यापासून ८० हून अधिक प्रकाशवर्षं लांब आहेत. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा उजेड दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिथून निघाला.

इथे एका मोबाइलवरच्या मजकुराबद्दल बोललं पाहिजे. लग्नसराईत तो हमखास फिरतो. वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांभोवती सारखे फिरतात, हे आपल्या ऋषींना माहीत होतं, म्हणून समानतेसाठी नवरीला ही जोडी दाखवतात, असं त्यात असतं. ऐकायला छान आहे. आम्हीही पूर्वी तो पुढे पाठवला होता. पण गृह्यसूत्रात असं काही सांगितलेलं नाही, तिथे काय सांगितलंय ते तुम्ही मघाशी ऐकलंत. वसिष्ठ आणि अरुंधती एकाच कुटुंबातले तारे असण्याची शक्यता मोठी आहे, पण त्यांची एक फेरी व्हायला लाखो वर्षं लागतील. ती कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. समानता हवी असेल, तर ती जुन्या ग्रंथात होती असं सांगून मिळणार नाही. सातबाऱ्यावर, पासबुकावर आणि घरातल्या निर्णयात ती आपल्याला आणावी लागेल.

आता मावशींकडे परत येऊ.

आम्ही त्यांना हे सगळं सांगितलं. सुश्रुत, सुहा, चष्मा, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मरणार नाही ना मी?" आम्ही म्हटलं, "मावशी, मरायचं सगळ्यांनाच आहे. पण अरुंधतीमुळे नाही." आणि त्यांना डोळ्यांच्या तपासणीला घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याचा बराच वाढलेला.

तेव्हा एकेक गोष्ट उलगडली. मावशी घरी कापडाचे धागे कापण्याचं काम करतात. दोन वर्षांपासून त्या हाताच्या अंदाजाने कापत होत्या. तुकड्याला कात्री लागली, की माल देणारा पैसे कापायचा. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरच्यांना वाटायचं, वय झालं, हात चालत नाही. आणि आम्ही? मावशी चौथी शिकलेल्या. पूर्वी ठरावाच्या पुस्तकात त्या सही करायच्या. गेली दोन वर्षं अंगठा लावत होत्या. आम्ही समजलो, सवय मोडली. एकदा सगळ्यांसमोर आम्ही त्यांना म्हटलंही होतं, "मावशी, सही विसरलात वाटतं." त्या हसल्या होत्या. त्यांना सहीची ओळच दिसत नव्हती. पुस्तक आमच्या हातात होतं, अंगठे आम्ही मोजत होतो, तरी आम्हाला दिसलं नाही. ही चूक आमची आहे, आणि या रेडिओवर ती कबूल करायची, असं आम्ही ठरवलं होतं.

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. गटातून अंतर्गत कर्ज दिलं, ते येण्याजाण्याला आणि औषधांना पुरलं. त्यानंतर आमच्या गटांनी एक नवी पद्धत सुरू केली. वर्षातून एकदा बैठकीत प्रत्येकीची नजर विचारायची. सुईत दोरा ओवता येतो का? भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले आकडे लांबून वाचता येतात का? सुई जवळची नजर सांगते. चाळिशी उलटली की ती कमी होणारच, त्यात लाज नाही, म्हणून तर आपण त्या चष्म्याला चाळिशी म्हणतो. लांबचं धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर उशीर न करता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. भिवंडीच्या गच्चीवरून अरुंधती दिसली नाही, तर घाबरू नका. तो दोष गोदामांच्या दिव्यांचा किंवा धुळीचाही असू शकतो. पण अंधाऱ्या गावात, त्याच गच्चीवर, शेजारणीला दिसते आणि तुम्हाला दिसत नाही, असं असेल, तर तो निरोप आहे. मरणाचा नाही, तपासणीचा.

या वैशाखात आम्ही पुन्हा त्याच गावी गेलो होतो. या वेळी लाइट होती. यजमानांना सांगून गच्चीवरचा दिवा आम्हीच बंद केला. मावशींनी डावा डोळा हाताने झाकला आणि बराच वेळ वर पाहिलं. आम्ही कुणी काही विचारलं नाही. अरुंधती न्यायाने अक्का एवढंच म्हणाली, "आधी मोठा बघा मावशी, मग शेजारी."

मावशी म्हणाल्या, "आहे. बारीक आहे, पण आहे."

मग माहेरी आलेल्या आमच्या त्या ताईने विचारलं, "आणि कृत्तिका कुठे आहेत?" त्या आता दिसायच्या नाहीत, त्या मावळल्या. थंडीत संध्याकाळी पूर्वेला येतील. तेव्हा त्याच गच्चीवर जमायचं ठरलं आहे. मार्गशीर्षातल्या बैठकीची तारीख ठरावाच्या पुस्तकात लिहिली, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मावशींचीही.